मुळेचे पाणी आणि नगर शहर

निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांहून खापरी नळांनी पाणी आणविणारे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आपली तहान मुख्यत्वे राहुरी तालुक्यातील मुळा धरणावर भागविते. बारागाव नांदूरजवळच्या या ‘ज्ञानेश्वरसागरा’तील पाणी मुळानगरहून पंपांनी उचलून विळदमार्गे वसंत टेकडीच्या टाक्यांत चढविले जात असल्याने, जलाशय तुडुंब असूनही वीज खंडित होताच शहराचे नळ कोरडे पडतात.

धरणाची क्षमता सुमारे 26 अब्ज घनफूट असली, तरी त्यातील सुमारे साडेचार अब्ज घनफूट हा ‘मृतसाठा’ होय. कालव्याच्या मोरीखाली राहणारे हे पाणी शेताला वाहत जात नसले, तरी उपशाने मिळू शकते, आणि म्हणूनच अवर्षणात तोच पिण्याच्या पाण्याचा अखेरचा आधार ठरतो.

15 ऑक्टोबरचा साठा पाहून पिण्यासाठीचे आरक्षण प्रथम ठरते व कालव्यांची आवर्तने मागाहून. हा क्रम मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. मात्र 2005 च्या कायद्यान्वये समन्यायी वाटपाचे तत्त्व लागू झाल्याने तुटीच्या वर्षी, जसे 2023 साली, मुळेतूनही खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे लागते. अशा वर्षी गळक्या वाहिन्यांची दुरुस्ती शहराने उन्हाळ्यापूर्वीच उरकावी.