संगणक मुका झाला तर...



समजा, काही वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत तुम्ही आजोळी गेला होता. नानींनी सर्व मुलांना जवळ बसवून आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. मामांनी आपल्या जुन्या मोबाइलवर ती चित्रित केली. पुढे नानी हे जग सोडून गेल्या. आज घरातील सारी माणसे संगणकासमोर बसली आहेत. तुम्ही ती चित्रफीत सुरू करता. नानींचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही! कोणी म्हणते, "संगणक बिघडला." कोणी म्हणते, "चित्रफीतच खराब आहे, काढून टाका."

थांबा! काहीही काढून टाकू नका. सर्वांत आधी त्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. मूळ वस्तू सुरक्षित असली, की मग निश्चिंतपणे दोष शोधता येतो.

नळाला पाणी आले नाही, तर आपण काय करतो? आधी नळ पाहतो, मग पाइप आणि शेवटी टाकी. आवाजाचाही असाच एक मार्ग असतो. फाइलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. प्लेअर नावाचा प्रोग्राम ती फाइल वाचतो. साउंड कार्ड त्या आकड्यांपासून विजेचे संकेत तयार करते. ते संकेत तारेतून स्पीकरकडे जातात आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. या मार्गावर कोठे तरी अडथळा आहे. तो शोधायचा.

पहिली पायरी सोपी आहे. स्पीकर चालू आहे का? त्याची तार योग्य जागी आहे का? टेबलावरील बहुतेक संगणकांत स्पीकरसाठी हिरवे आणि मायक्रोफोनसाठी गुलाबी छिद्र असते. तार चुकून गुलाबी छिद्रात गेली, तर आवाज येणार नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यातील स्पीकरचे लहान चित्र पाहा. त्यावर फुली असेल, तर आवाज बंद केलेला आहे. प्लेअरमध्येही आवाजाचे वेगळे बटण असते. तेही पाहायला विसरू नका.

दुसरी पायरी. आवाज दुसरीकडे तर जात नाही ना? संगणकाला टीव्ही किंवा ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल, तर आवाज तिकडे जाऊ शकतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरची निवड करा.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. दुसरी एखादी फाइल लावून पाहा. तिचाही आवाज आला नाही, तर दोष संगणकाच्या बाजूला आहे. तेव्हा संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही उपयोग झाला नाही, तर साउंड कार्ड चालवणारा 'ड्रायव्हर' हा प्रोग्राम पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी जाणकाराची मदत घ्या. पण दुसऱ्या फाइलचा आवाज नीट आला, तर संगणक ठीक आहे. अडचण त्या एका फाइलची आहे.

आता चौथी पायरी. उर्दूत लिहिलेली चिठ्ठी उर्दू न येणाऱ्या माणसाच्या हाती दिली, तर तो ती वाचू शकणार नाही. म्हणून चिठ्ठी चुकीची ठरते का? नाही. फाइलचेही तसेच आहे. चित्र आणि आवाज ठरावीक पद्धतीने लहान करून साठवलेले असतात. ही पद्धत जाणणाऱ्या साधनाला 'कोडेक' म्हणतात. जुन्या मोबाइलमधील अनेक चित्रफितींचा आवाज 'एएमआर' पद्धतीने साठवलेला असे. काही प्लेअरना ही पद्धत समजत नाही. मग चित्र दिसते, पण आवाज येत नाही. कधी याच्या उलटही होते. 'एच २६५' ही चित्र साठवण्याची पद्धत 2013 साली आली. ती न समजणाऱ्या संगणकावर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

यावर उपाय म्हणजे दुसरा प्लेअर वापरून पाहणे. पॅरिसजवळील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांतून तयार झालेला 'व्हीएलसी' हा प्लेअर विनामूल्य मिळतो आणि त्याला अनेक पद्धती समजतात. मात्र असे प्रोग्राम त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. "हा कोडेक लगेच घ्या," असे सांगणाऱ्या अनोळखी जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. त्यातून संगणकात व्हायरस शिरू शकतो.

चित्र अडखळत असेल, तर इतर प्रोग्राम बंद करा. चित्रफीत मध्येच थांबत असेल, तर फाइल अर्धवट आली असण्याची शक्यता असते. मूळ फाइलचा आकार आणि आपल्या फाइलचा आकार ताडून पाहा. कमी असेल, तर फाइल पुन्हा मागवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम पाहा. चार बटणे एकदम दाबली, तर कशाने काय झाले हे कळत नाही.

आता तुम्ही दुसऱ्या प्लेअरमध्ये ती चित्रफीत लावता. क्षणभर शांतता पसरते. मग नानींचा ओळखीचा आवाज खोलीत घुमू लागतो. अम्मींचे डोळे भरून येतात. संगणक बिघडला नव्हता आणि चित्रफीतही खराब नव्हती. कोणी घाईने ती काढून टाकली असती, तर तो आवाज पुन्हा कधीच ऐकायला मिळाला नसता.