एकविसावा रकाना आणि ८५ लाख निळे स्क्रीन

नाशिक : १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी अपडेट फाइल सोडली. थोड्याच वेळात मुंबईसह देशातील विमानतळांवर चेक-इन कोलमडले. काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात ८५ लाख संगणकांना फटका बसला.

नेमके बिघडले काय?

कंपनीच्या 'फाल्कन'चा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात चालतो. नव्या फाइलमधील नियमाला २१ वा रकाना तपासायचा होता. प्रोग्रामकडून मात्र २० च रकाने भरून येत होते. एकविसावा शोधताना ड्रायव्हर मेमरीतील आपली हद्द ओलांडून गेला. साध्या ॲपने अशी चूक केली तर तेवढे ॲप बंद पडते. कर्नलमध्ये ही सोय नाही. डेटा आणखी बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच थांबते. तोच निळा स्क्रीन.

अशा वेळी मेमरीची प्रत, 'क्रॅश डम्प', डिस्कवर लिहिली जाते. ती डिबगरमध्ये उघडली की कोणता ड्रायव्हर कुठे अडखळला ते दिसते. इथे नाव निघाले 'सीएसएजंट'. मग चाचणीत हे कसे निसटले? चाचणीच्या नियमांत २१ व्या रकान्यासाठी 'काहीही चालेल' असे चिन्ह होते. तो वाचायची वेळच आली नाही.

७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली. पण बंद पडलेला संगणक ती दुरुस्ती घेणार कशी? अनेक ठिकाणी एकेक मशीन सेफ मोडमध्ये सुरू करून २९१ क्रमांकाची फाइल हाताने काढावी लागली. बिटलॉकर असेल, तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधणे आलेच.