चुकलेल्या टोकाकडे

न्यूफाउंडलंड या कॅनडाच्या पूर्वेकडील बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर फिरताना असे वाटू लागते की, येथील मुलखाला नावे ठेवणाऱ्या दर्यावर्द्यांनी शिष्टाचाराची फारशी भीड बाळगली नसावी. कारण एका उपसागराचे नाव 'विटलेस बे', म्हणजे शब्दशः घेतले तर बुद्धिहीनांचा उपसागर, आणि त्याच्या दक्षिणेस दूर एक टोक आहे त्याचे नाव 'मिस्टेकन पॉइंट', म्हणजे चुकलेले टोक. या दुसऱ्या नावामागील हकीकत मात्र विनोदाची नाही. धुक्यात हेच केप रेस नावाचे भूशिर अशी समजूत करून घेऊन तांडेल जहाज उत्तरेला वळवीत आणि खुला समुद्र मिळण्याऐवजी त्यांची गाठ खडकांशी पडे.

या किनाऱ्याची सफर लहान नौकेनेच करावी. प्रचंड पर्यटक-जहाजाच्या उंच सज्जातून समुद्र हा निव्वळ देखावा होऊन राहतो. लहान नौकेत तो तोंडावर उडतो, कपडे भिजवतो, आणि क्वचित आपल्या पोटातील अन्नाचाही हिशेब मागतो. बे बुल्स आणि विटलेस बे येथून अशा नौका सुटतात. येथील लोकांचा परंपरागत रोजगार कॉड माशाचा. परंतु बेसुमार मासेमारीने तो मासा इतका घटला की, १९९२ साली सरकारने त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदीचा हुकूम काढला आणि हजारो कुटुंबांच्या चुली एका फटक्यासरशी थंडावल्या. ज्या समुद्रावर पिढ्यान् पिढ्या जाळी टाकली त्याच समुद्रावर प्रवासी घेऊन जाण्याचा धंदा त्यानंतर काही मच्छीमारांनी धरला. बापजाद्यांचे पाण्याचे ज्ञान अशा रीतीने निराळ्या खात्यावर जमा झाले.

विटलेस बेच्या संरक्षित बेटांवर पाय ठेवण्यास परवान्यावाचून मनाई आहे; म्हणून नौका कड्याखाली रेंगाळते आणि पाहणाराने मान वर करायची. उत्तर अमेरिकेतील पफिन पक्ष्यांची सर्वांत मोठी वसाहत हीच. उन्हाळ्यात त्यांची अडीच लाखांहून अधिक जोडपी गवताळ उतारावर बिळे करून राहतात आणि प्रत्येक जोडपे वर्षाकाठी एकच अंडे घालते. पफिनचे उड्डाण पाहून कोणासही त्याची दया यावी: आखूड पंख मिनिटाला सुमारे चारशे वेळा फडफडवीत तो असा निघतो की, आता पडतो की मग, असे वाटावे. पण पाण्यात बुडी मारली की तेच पंख वल्ह्यांचे काम चोख बजावतात. त्याच्या रंगीत चोचीतून मासे मिशांसारखे आडवे लोंबत असतात. टाळूवरील उलट्या काट्यांवर खरखरीत जिभेने ते दाबून धरून तो पुढचा मासा पकडण्यास चोच पुन्हा उघडतो, आणि आधीचा एकही निसटत नाही.

जून-जुलैत कॅपलिन नावाचे रुपेरी मासे अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर थव्याथव्याने येतात आणि त्यांच्या मागोमाग कुबडे देवमासे येतात. १०० मीटरांच्या आत जाण्यास कायद्याची बंदी आहे. परंतु यंत्र बंद करून स्वस्थ उभ्या राहिलेल्या नौकेपाशी देवमाशानेच यायचे ठरवले, तर त्याला हा कायदा कोणी सांगावा? तो प्रथम डोळ्यांना नव्हे, नाकाला कळतो: त्याच्या उच्छ्वासाला कुजक्या मासळीचा असा भपकारा असतो की, कोकणातल्या सुक्या बाजारात वाढलेल्या माणसानेही नाकाला रुमाल लावावा. मग ते शेपूट वर येते. त्याच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे चट्टे प्रत्येक देवमाशाचे निराळे असतात, आणि अभ्यासकांच्या दप्तरी त्यांची ओळख त्या चट्ट्यांवरूनच नोंदलेली असते.

चुकलेल्या टोकाशी मात्र नौकेचा उपयोग संपतो. तेथे पोर्चुगल कोव्ह साउथ गावाहून मार्गदर्शकाबरोबर पायी जावे लागते, आणि तिरप्या खडकाच्या त्या विस्तीर्ण फरशीवर पाऊल टाकण्यापूर्वी बूट काढून मऊ कापडी मोजे चढवावे लागतात. देवळाच्या पायरीशी चपला सोडणाऱ्या आपल्या माणसाला यात नवल वाटू नये. पायाखाली सुमारे ५६ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे. प्रकाश पोचू न शकणाऱ्या त्या खोल पाण्यात नेच्याच्या पानांसारखे, पण वनस्पती नसलेले, मऊ देहाचे जीव तळाशी वाढत होते. ज्वालामुखीची राख त्यांच्यावर बसली आणि ते जेथल्या तेथे गाडले गेले. ज्या राखेने त्यांचा अंत केला तिनेच त्यांचे ठसे राखले, आणि त्यांचा जन्मकाळही तिच्यातील झिरकॉनच्या कणांवरूनच काढला गेला.

हा ठेवा १९६७ साली जगापुढे आणला तो सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीयाने. शिव बालक मिश्र हे उत्तर प्रदेशातील खेड्यातून तेथे गेलेले भूशास्त्राचे विद्यार्थी. भूस्तरांचा नकाशा तयार करीत असता हे ठसे त्यांच्या दृष्टीस पडले. पुढे ते मायदेशी परतले आणि लखनौजवळच्या कुनौरा गावी त्यांनी शाळा काढली. परदेशातील मानमरातब सोडून खेड्यातल्या पोरांना शिकवावयास बसलेल्या या माणसाची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, हे मला खटकते. २००७ साली चातीच्या आकाराच्या एका जीवाला शास्त्रज्ञांनी 'फ्रॅक्टोफ्यूसस मिश्राय' हे नाव दिले.

भर दुपारी डोक्यावर ऊन असताना आलेल्या प्रवाशाची येथे पुष्कळदा निराशा होते, कारण त्या उजेडात खडक नुसता करडा आणि सपाट दिसतो. सूर्य कलला म्हणजे तिरप्या किरणांत प्रथम एक काठ उमटतो, मग एक देठ, मग देठाच्या बुडाची चकती; आणि जेथे क्षणापूर्वी आपण निष्काळजीपणे मोज्याचे पाऊल टाकणार होतो तेथेच एक पान पसरलेले दिसते, आणि ते पाऊल हवेतच थांबते.