मनाचा लगाम

डहाणू तालुक्यात समुद्रकाठी नरपड नावाचे गाव आहे. गुजरातची सीमा येथून फारशी दूर नाही. या टापूत मराठी, गुजराती, वारली, मांगेली अशा भाषा व बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी, हा येथील कित्येकांचा नित्याचा परिपाठ होय.

मनुष्य एक भाषा बोलत असता त्याची दुसरी भाषा निजून राहत नाही, असे शास्त्रज्ञांस आढळले आहे. 'मांजर' म्हणू जाताच गुजरातीतील 'बिलाडी'ही मनात जागी होते. मग एकीस पुढे येऊ द्यावयाचे आणि दुसरीस मागे थोपवावयाचे, हे काम मनास करावे लागते.

हा लगाम मोजण्याची एक गमतीची रीत आहे. १९३५ साली जॉन रिडले स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईने लिहावयाचा आणि शाईचा रंग विचारावयाचा. ओठांवर 'लाल' येऊ पाहते. ते आवरून 'हिरवा' म्हणण्यास वेळ लागतो. जितका वेळ अधिक, तितका लगाम ढिला.

दोन भाषांनी मुलाच्या बुद्धीचा गोंधळ उडतो, अशी एके काळी पुष्कळांची समजूत होती. कित्येक मुलांना घरच्या बोलीची लाज वाटू लागली, ती अशाच समजुतींमुळे. १९६२ साली कॅनडातील माँट्रियल येथे दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा झाली, तेव्हा दोन भाषा उत्तम जाणणारी मुलेच सरस ठरली. त्या समजुतीस मोठा धक्का बसला.

पुढे काही संशोधकांस असे दिसले, की दुभाषिकांचा मनावरील ताबाही अधिक असतो. परंतु २०१३ साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा असा काही फरक आढळला नाही. तारुण्यात हा ताबा मुळातच भरात असतो. त्यामुळे त्यात पडलेली भर दिसणे कठीण, असे काहींचे म्हणणे आहे. वाद अद्याप मिटलेला नाही.

किती भाषा येतात, याहून त्या कशा वापरल्या जातात हे महत्त्वाचे, असेही एक मत आहे आणि ते विचार करण्याजोगे आहे. केवळ गुजराती समजणाऱ्या गिऱ्हाइकाशी मासळीचा भाव करताना मराठी शब्द कटाक्षाने आवरावा लागतो. दोन्ही भाषा जाणणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात मात्र अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे गुजरातीत गेले तरी चालते. तेथे लगाम खेचण्याचे कारणच पडत नाही.