पादांशिक क्रमाने बदललेले एक घर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नांचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी रुग्ण औषधाची मात्रा आणि पथ्य विचारून उठत असे. आता तो तेल कोणते आणावे, भांडी कशाची असावीत, साबण सोडावा का, दात कशाने घासावेत असे विचारतो. हे सारे विषय दिनचर्येचे, म्हणजे आपल्याच शास्त्राचे आहेत. तरीही उत्तर देताना अनेक वैद्य "नैसर्गिक ते सगळे चांगले" एवढे बोलून पुढच्या रुग्णाला हाक मारतात. रुग्ण ते वाक्य घरी नेतो आणि एका रविवारी स्वयंपाकघर रिकामे करून बसतो. महिना-दीड महिन्यात जुने सगळे परत येते, आणि वैद्याच्या शब्दाचे वजन तेवढे कमी होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात याचे उत्तर आहे. अंगवळणी पडलेले अहितही एकदम सोडू नये आणि हितही एकदम धरू नये. अहिताचा एक पाद कमी करून त्या जागी हिताचा एक पाद आणावा, नंतर दोन, नंतर तीन, आणि मधली अंतरे वाढवत न्यावीत. दिवसांचे गणित टीकाकारांनी निरनिराळे मांडले आहे, तत्त्वाबद्दल दुमत नाही. हा पादांशिक क्रम आपण पथ्यापुरता शिकवतो. एका संपूर्ण कुटुंबाला तो लावता येतो का, हे पाहण्याची संधी प्रस्तुत लेखकाला पुण्यातील एका घरामुळे मिळाली. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मूळ गाव कऱ्हाड तालुक्यात. २०१३ पासून हे कुटुंब चिकित्सालयात येत आहे.

निमित्त धाकट्या नातवाच्या विचर्चिकेचे होते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे कोरडी, खाजरी, ओरबाडलेली त्वचा. दिवसातून दोनदा कढत पाण्याने, उग्र वासाच्या साबणाने स्नान. आईची तयारी सगळे साबण टाकून हरभऱ्याच्या पिठाचे उटणे सुरू करण्याची होती. तिला थांबवावे लागले. फुटलेल्या त्वचेवर अन्नातील पिठे आणि तेले वारंवार लागली, तर त्या अन्नाचीच अतिसंवेदनशीलता निर्माण होऊ शकते, असे आजचे त्वचाविज्ञान सांगते. उद्वर्तन हे स्वस्थाच्या दिनचर्येतील कर्म आहे, व्रणयुक्त त्वचेवरचे नव्हे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून पहिला पाद एवढाच ठरला: पाणी कोमट, एक वेळ स्नान, आणि साबण फक्त काखा, जांघा व पायांना. पोटातील औषध चालू होतेच. त्वचा सांधल्यावर पुढचे पाद आले. दोन ऋतूंनंतर मुलाला रात्रीची झोप लागू लागली, आणि घराला या रीतीवर विश्वास बसला.

तेलाचा विषय मात्र सोपा नव्हता, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने आता गल्लोगल्ली झाली आहेत आणि आपल्यापैकी काहींनी औषधालयाशेजारीच घाणा बसवला आहे. या घरात सोयाबीनचे रिफाइंड तेल येत होते. आजीची इच्छा करडईच्या तेलाची, कारण माहेरी-सासरी तेच खाल्लेले. ग्रंथ पाहिला तर चरकाने स्थावर स्नेहांमध्ये कुसुंभाचे, म्हणजे करडईचे, तेल सर्वांत अहितकर गणले आहे आणि तीळतेलाला श्रेष्ठ म्हटले आहे. पण त्याच संहितेत ओकसात्म्याचाही विचार आहे. देशावर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी आणि करडईचे तेल खाल्ले गेले. आजीला ते सोसत होते. मुलाला उन्हाळ्यात नाकातून रक्त येण्याची सवय होती. त्याला तीळही नको आणि करडईही नको. त्याच्यासाठी भाकरीवर तूप आणि भाजीला भुईमुगाचे तेल असा मार्ग निघाला. एका घरात दोन तेले म्हणजे सुनेच्या कामात भर पडली, हे खरेच. तिने फोडणी एकाच तेलाची ठेवली आणि करडईचे तेल आजीच्या चटणीवर वरून घालायला घेतले. अशी तडजोड ग्रंथात सापडत नाही, ती स्वयंपाकघरातच सुचते.

घाण्याचे तेल म्हणजे शुद्ध तेल, हे समीकरण आपण तपासून घेतले पाहिजे. भुईमुगाचा दाणा ओलसर जागी राहिला की त्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. रिफाइंड तेलाच्या कारखान्यातील क्षारप्रक्रियेत ते बहुतांशी निघून जाते. घाण्याच्या तेलात जे दाण्यात असेल ते उतरते. दिल्लीत १९९८ साली मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने शोथाची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले, हेही विसरता येत नाही. म्हणून या कुटुंबाला घाण्याचा पत्ता देण्याआधी दाणा निवडायला शिकवले. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा बाजूला काढायचा. शक्य असल्यास आपला दाणा आपण नेऊन समोर गाळून घ्यायचा. एका वेळी महिन्याला पुरेल इतकेच तेल आणायचे. तळणासाठी एकदा तापवलेले तेल पुन्हा कढईत घालायचे नाही. पहिल्या महिन्यात फक्त सकाळच्या भाजीला नवे तेल, मग दोन्ही वेळच्या, मग आमटीला. पूर्ण बदलास सुमारे पाच महिने लागले. खर्च वाढला तो निम्म्याहून अधिक तळण कमी करून भरून काढला, आणि खरा लाभ बहुधा त्या तळणाच्या घटीचाच असावा.

भांड्यांच्या बाबतीत उत्साह फार होता. ॲल्युमिनियम आणि नॉनस्टिक एकदम मोडीत, आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीतून तांब्या-पितळेची खरेदी. सुश्रुताने अन्नपानविधीत कोणता पदार्थ कोणत्या पात्रात द्यावा हे सांगितले आहे: तूप लोखंडाच्या, फळे व भक्ष्ये पानांवर, आंबट खडादी पदार्थ दगडाच्या, पाणी व पानके मातीच्या पात्रात. ही यादी वाचली की "तांबे पवित्र म्हणून सर्वत्र तांबे" या आजच्या समजुतीला आधार उरत नाही. सून तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत घेऊन शाळेत जाऊ लागली आणि दुपारी मळमळ, उलटी सुरू झाली. आम्लाने तांबे सुटते, हे शाळेत ती स्वतःच मुलांना शिकवत होती! बाटली साध्या पाण्यापुरती राहिली. पितळेच्या पातेल्यांना कल्हई लागते. कल्हईचा कथील शुद्ध हवा, कारण शिसे स्वस्त असल्याने त्याची भेसळ होऊ शकते, आणि लहान मुलांच्या घरात शिशाची थोडी मात्राही क्षम्य नाही. कल्हईकार ओळखीचा आणि भरवशाचा मिळेपर्यंत पितळ फळीवर ठेवा, असे सांगितले. ती पातेली अजून फळीवरच आहेत. रोजच्या वापरात लोखंडी तवा-कढई, स्टील आणि आजीची गावाकडून आलेली दगडी, एवढेच टिकले. काशाच्या वाटीत तूप साठवू नये, दहा दिवस काशात राहिलेले तूप वाग्भटाने विरुद्ध मानले आहे, ही सूचना मात्र सर्वांनी लगेच ऐकली.

आता आजींकडे वळतो. लग्न झाल्यापासून त्यांना मिश्री लावण्याची सवय होती, दिवसातून चार वेळा. हे व्यसन म्हणून त्यांनी कधी सांगितले नाही. दात घासणे म्हणूनच सांगितले. २०१६ मध्ये तोंड तपासताना खालच्या ओठाच्या आत पांढरा, खरखरीत चट्टा दिसला. त्याच सुमारास घरात टूथपेस्ट सोडून दंतमंजन आणायची चर्चा चालू होती, आणि आजींचा युक्तिवाद असा की, "माझे आधीपासूनच नैसर्गिक आहे. मिश्री काय कारखान्यात होते? तव्यावर मी स्वतः भाजते." नैसर्गिक या शब्दाचा घात याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली; पण घरच्या तव्यावर ती बंदी पोहोचत नाही.

चट्टा औषधाने जातो का, हे पाहत बसण्याची ही वेळ नव्हती. त्याच आठवड्यात त्यांना मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवून तुकडा तपासून घेतला. कर्करोग निघाला नाही; पेशींत सौम्य बदल होते आणि मिश्री थांबवून दर काही महिन्यांनी तपासणी हवी, असे सांगण्यात आले. येथे वैद्यबंधूंना आग्रहाने सांगावेसे वाटते की, ग्रामीण भागातून आलेल्या प्रत्येक स्त्रीला मिश्रीबद्दल नावाने विचारावे, आणि गर्भिणीला तर अवश्य विचारावे, कारण मातेच्या तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते. "तंबाखू खाता का?" याचे उत्तर "नाही" असेच येते, आणि ते खोटे नसते.

मिश्री सोडवताना प्रश्न असा होता की, आजी ती सोडत का नाहीत. खोदून विचारल्यावर कळले की, पहाटे मिश्री लावल्याशिवाय त्यांना मलप्रवृत्ती होत नसे. म्हणजे सवयीचे मूळ कोष्ठात होते. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि कोमट पाण्यासह हरीतकी सुरू केली. जेवणात तूप वाढवले. दात घासण्यास त्रिफळा आणि किंचित लवंग यांचे वस्त्रगाळ चूर्ण दिले. चार वेळांपैकी दुपारची वेळ आधी गेली, नंतर रात्रीची, नंतर संध्याकाळची. शेवटचा, पहाटेचा पाद तीन महिने हलला नाही. तंबाखूच्या बाबतीत पादांशिक क्रम या शेवटच्या पायरीवर अडतो, हा अनुभव अनेकांचा असेल. तिथे ग्रंथातील एक-दोन-तीन दिवसांची अंतरे पुरत नाहीत आणि वैद्याने कंटाळून चालत नाही. मिश्रीविना सलग आठ-दहा दिवस पोट साफ झाल्यावर एके दिवशी त्यांनी डबी सुनेच्या हाती दिली. एकूण सात महिने. चट्टा पुढे पुसट झाला; तपासण्या चालूच आहेत.

२०२० च्या साथीत या घरातही काढ्याचा मारा सुरू झाला. सुंठ, मिरी, दालचिनी, दिवसातून तीन वेळा, आणि तेही शरद ऋतू तोंडावर असताना! मुलाचे नाक पुन्हा वाहू लागले तेव्हा काढा बंद करून धने-जिऱ्याचे पाणी दिले. गच्चीवर लावलेल्या गुळवेलीबद्दलही सावध राहावे लागले. गुळवेलीने यकृतास इजा झाल्याच्या बातम्यांनंतर आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद प्रसिद्ध केला: क्रिस्पाच्या खोडावर गाठी असतात आणि फुलाला तीनच पाकळ्या असतात, कॉर्डिफोलियाला सहा. गच्चीवरची वेल खरी निघाली. सोसायटीच्या कुंपणालगत "औषधी" म्हणून हौसेने लावलेला अशोक मात्र उंच वाढणारा, लांब पानांचा आसुपालव होता. हसण्यासारखी गोष्ट नाही. बाजारातल्या अशोकसालीतही हाच घोटाळा होतो, आणि खरा सीता अशोक सह्याद्रीत दुर्मीळ होत चालला आहे.

कचऱ्याचे वर्गीकरण या घरात नातवंडांनी सुरू केले. ओला कचरा गच्चीवरच्या पिंपात जाऊ लागला, सुका 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाईंकडे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा पिशव्या गेल्या. त्यानंतर सुक्या कचऱ्यात उरले ते मुख्यतः आपले सामान: चूर्णांचे डबे, तेलाच्या बाटल्या, गुटिकांच्या पट्ट्या. त्या बाईंनी सुनेला सांगितले की, औषधी तेलाने चिकट झालेली बाटली भंगारात कोणी घेत नाही. सून एके दिवशी पिशवीभर रिकामे डबे घेऊन चिकित्सालयात आली आणि विचारले, "हे तुम्ही परत घेता का?"

औषधांच्या वेष्टनाला त्या बंदीतून सूट आहे, हे उत्तर कायद्याने बरोबर असले, तरी तिच्या प्रश्नाचे नव्हते. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, जल, देश आणि काल बिघडले की सर्वांना सारखाच रोग होतो असे सांगून, भूमी नीरस होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवण्यास आत्रेयांनी शिष्यांना सांगितले आहे. औषधी जपणाऱ्याने भूमीवर डबे टाकावेत, यात विसंगती आहेच. फार्मसीचालक बंधूंशी बोलल्यावर अडचणीही कळल्या. काचेची बाटली जड, वाहतुकीत फुटते. वापरलेली बाटली पुन्हा भरायची तर शेड्यूल टी प्रमाणे धुण्या-वाळवण्याची वेगळी व्यवस्था हवी, आणि लहान फार्मसीला ती परवडत नाही.

चिकित्सालयापुरता उपाय सुचला तो जुनाच होता. सात दिवसांचे साधे चूर्ण आता कागदाच्या पुड्यांत देतो. तेल आणि घृत रुग्णाने स्वतःच्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत न्यावे, बाटलीवर नाव-तारखेची चिठ्ठी येथे लावली जाते. लवणभास्करासारखी लवणयुक्त चूर्णे, क्षार आणि गुग्गुळकल्प यांना मात्र पावसाळ्यात कागद चालत नाही. जूनपासून दसऱ्यापर्यंत ती घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीतच द्यावी लागतात, आणि त्या बाटलीची अनामत रक्कम घेतली की दहांतल्या सात-आठ तरी परत येतात.