लॅट्रोफिलिन-३ : मेंदूतील एक श्लेषक ग्राहक, चंचल बालक आणि आपले कर्तव्य

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या बालरुग्णांमध्ये ज्वर, कास, अतिसार व कृमी यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एक नवीन तक्रार वारंवार ऐकू येते. "मूल एका जागी बसत नाही, शाळेत लक्ष देत नाही, सांगितलेले अर्धवट सोडते" ही ती तक्रार होय. पूर्वी अशा मुलास व्रात्य म्हणून सोडून देत असत. आता शिक्षकच पालकांना 'एडीएचडी' हा शब्द सांगून पाठवितात. अवधान-न्यूनता व अतिचंचलता असा त्याचा अर्थ करता येईल. हा विकार अनुवंशिक आहे काय, असा प्रश्न पालक आपणास विचारतात. त्याचे उत्तर शास्त्रशुद्ध असावे, या हेतूने या विकाराशी ज्याचे नाव जोडले गेले त्या एका जनुकाचा परिचय येथे करून देत आहे.

नामकरणाचा इतिहास

या जनुकाचे पूर्वीचे नाव 'लॅट्रोफिलिन-३' व आजचे नाव 'एडीजीआरएल-३'. हे नवे नाव २०१५ साली या संपूर्ण कुलाच्या नामकरणात रूढ झाले. मानवाच्या चौथ्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर त्याचे स्थान आहे.

'लॅट्रो' हा शब्द एका लूतेच्या, म्हणजे कोळ्याच्या नावातून आला आहे. 'ब्लॅक विडो' या विषारी कोळ्याच्या विषातील लॅट्रोटॉक्सिन हे प्रथिन चेतातंतूंच्या टोकाशी असलेला रसायनांचा साठा एकदम मोकळा करते. हे विष मेंदूतील कोणत्या प्रथिनास चिकटते, याचा शोध घेताना १९९०च्या दशकात लॅट्रोफिलिन-१ सापडले. लॅट्रोफिलिन-३ हा त्याचा धाकटा भाऊ असून त्याला नाव थोरल्याकडून मिळाले आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानात सोळा लूता वर्णिल्या, त्यांपैकी आठ कृच्छ्रसाध्य व आठ असाध्य मानल्या. लूताविषाचा अभ्यास आपल्या परंपरेस नवीन नाही. मात्र त्या विषाचा माग काढीत आधुनिक शास्त्र मेंदूच्या घडणीपर्यंत पोहोचले, हे कौतुकास्पद आहे.

रचना व कार्य

मानवी शरीरात अशा 'श्लेषक ग्राहकां'चे सुमारे तेहेतीस सदस्यांचे कुल आहे. या प्रथिनाचा एक भाग पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो आणि दुसरा लांबलचक भाग पेशीबाहेर पसरलेला असतो. विशेष असे की, तयार होतानाच हे प्रथिन एका ठरावीक जागी स्वतःस छेदते. परंतु दोन्ही तुकडे एकमेकांस धरूनच राहतात. बाहेरील भाग शेजारच्या पेशीवरील प्रथिनांना पकडतो आणि आतील भाग पेशीस त्याची वार्ता देतो. म्हणजे एकच रेणू श्लेषाचे व संदेशवहनाचे अशी दोन्ही कार्ये करतो.

शेजारच्या पेशीवरील त्याचे जोडीदार दोन आहेत : 'फ्लर्ट' व 'टेन्युरिन'. नोबेल पारितोषिक विजेते थॉमस सुडॉफ यांच्या प्रयोगशाळेने २०१९ साली उंदरांच्या स्मृतिसंबंधी मेंदूभागात दाखविले की, हे दोन्ही जोडीदार एकाच वेळी जुळले तरच त्या ठिकाणी योग्य सिनॅप्स म्हणजे चेतासंधी निर्माण होते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसाच हा प्रकार आहे. कोणत्या चेतापेशीने कोणाशी संधान बांधावे, हे अशा ग्राहकांमुळे ठरते.

विकाराशी संबंध

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या अँटिओक्विया प्रांतात 'पैसा' नावाचा, बराचसा एकाकी राहिलेला समाज आहे. तेथील अनेक मोठ्या कुटुंबांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या आढळला. त्यावरून डॉ. आर्कोस-बुर्गोस, डॉ. म्युन्के व सहकाऱ्यांनी चौथ्या गुणसूत्राच्या या भागाचा शोध घेतला. २०१० साली त्यांनी अडीच हजारांहून अधिक रुग्ण व तितक्याच निरोगी व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. या जनुकाचा एक सामान्य प्रकार असणाऱ्यांत विकाराची शक्यता सुमारे सव्वापट आढळली. पुढे २०१२ साली झेब्राफिश या माशात या जनुकाचे कार्य दाबले असता ते मासे अतिचंचल झाले, त्यांच्यातील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी घटल्या आणि मेथिलफेनिडेट हे औषध दिल्यावर त्यांची चंचलता कमी झाली. हे जनुक नसलेले उंदीरही अतिचंचल आढळले.

येथपर्यंतच वाचून थांबणे धोक्याचे आहे. २०१९ साली वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी प्रसिद्ध झाली. त्यात विकाराशी निगडित अशी बारा स्थाने सापडली. त्यांत लॅट्रोफिलिन-३ नव्हते. या विकारात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांनुसार तो सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के आहे. परंतु तो शेकडो जनुकांत विभागलेला आहे आणि प्रत्येकाचा भार अल्प आहे. तात्पर्य, एका जनुकाच्या चाचणीने या विकाराचे निदान होत नाही. असा अहवाल कोणी पालक हाती घेऊन आल्यास त्यांना हे स्पष्ट सांगावे आणि त्यांच्या मनातील अपराधभाव दूर करावा.

आयुर्वेदीय विचार

'श्लेष्मा' हा शब्द श्लिष् या धातूपासून बनला आहे. जोडणे, आलिंगन देणे हे त्याचे कर्म. त्यामुळे श्लेषक ग्राहक म्हटले की तर्पक कफाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चरकांनी वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत अनवस्थितचित्तत्व गणले आहे. वाताचा चल गुण आणि चंचल बालक यांचा मेळही सहज बसतो. मात्र साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. 'हे सर्व आमच्या ग्रंथांत आहे' एवढे म्हणून आपण थांबलो, तर विद्वानांत आपले हसे होते आणि शास्त्राचेही काही भले होत नाही.

खरा मार्ग पुण्याने दाखविला आहे. डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी व डॉ. अरविंद चोप्रा यांनी २००५ साली ७६ व्यक्तींची प्रकृती व एचएलए जनुक यांचा संबंध तपासला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,४१६ पुरुषांच्या तपासणीतून स्पष्ट एकदोषप्रधान अशा २६२ जणांची निवड झाली. त्यात पीजीएम-१ हे पिष्टपदार्थांच्या चयापचयाशी संबंधित जनुक पित्तप्रकृतीशी निगडित आढळले. आधी काटेकोर प्रकृतिपरीक्षण, नंतर जनुक, हा क्रम अनुकरणीय आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चरकांनी प्रकृतीची कारणे सांगताना शुक्रशोणितासह काल, गर्भाशय आणि मातेचा आहारविहार यांचाही समावेश केला. बीज महत्त्वाचे, पण एकटे बीज सर्वस्व नव्हे, हाच आजच्या जनुकशास्त्राचाही निष्कर्ष आहे. आणि प्रकृती म्हणजे विकृती नव्हे. प्रत्येक वातप्रकृतीचे मूल रोगी ठरवू नये.

चिकित्सकाचे कर्तव्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यातील फिरत्या पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात आणि तपासणीच्या तीस व्याधींत एडीएचडीचाही समावेश आहे. म्हणजे अंगणवाडीतील वा जिल्हा परिषद शाळेतील चंचल बालक प्रथम पाहणारा डॉक्टर बहुधा बीएएमएस असतो. आमच्या जवळा बाजारसारख्या गावात तर पालकांना दुसरा सल्ला सहज उपलब्धही नसतो. आपली जबाबदारी त्यामुळे दुप्पट होते.

लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिन्यांहून अधिक टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावीत. केवळ शाळेतच तक्रार असेल तर आधी दृष्टी व श्रवण तपासावे. पांडु, कृमी, अपुरी निद्रा, घोरणे, थायरॉईडचे विकार आणि क्षणभर शून्यात पाहणारा अपस्मार यांचा विचार केल्याविना औषध लिहू नये. निदानाची शंका दृढ झाल्यास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. मूल आधीच मेथिलफेनिडेट घेत असेल तर ते आपण परस्पर बंद करू नये.

मेध्य रसायने, नियमित दिनचर्या, अभ्यंग, पुरेशी निद्रा व पालकांचे समुपदेशन ही आपली बलस्थाने आहेत. त्यांचा उपयोग पूरक म्हणून, नोंदी ठेवून करावा.

औषधी दुकानदारांसाठी

आपल्याकडे 'ब्राह्मी' या एकाच नावाने बॅकोपा व सेंटेला या दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. सेंटेला ही मंडूकपर्णी होय. शंखपुष्पीच्या नावाखालीही एकाहून अधिक वनस्पती येतात. खरेदी करताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहूनच माल घ्यावा.

याहून गंभीर बाब शिशाची. शिसे स्वतःच बालकांचे अवधान व बुद्धी क्षीण करते. बोस्टन शहरातील दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात जड धातू आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि सर्व जगात आपली मानहानी झाली. वनौषधींत शिशाची मर्यादा दहा पीपीएम आहे. तपासणीचा अहवाल पुरवठादाराकडे मागणे हा आपला हक्क आहे. स्मृतिसागर रसासारख्या कल्पात पारद, हरताळ व मनःशिला असतात. ही द्रव्ये अनुसूची ई-१ मध्ये असून असे कल्प केवळ वैद्यांच्या देखरेखीखाली देण्याचे आहेत. परीक्षेच्या हंगामात 'बुद्धी वाढवा' म्हणून ते बालकासाठी काउंटरवरून देणे सर्वथा अनुचित होय. मेंदूच्या विकारांवर हमखास उपायाची जाहिरात करणे १९५४च्या कायद्यानेही निषिद्ध आहे.

सारांश, जनुक प्रवृत्ती सांगते, नियती नव्हे. चंचल मुलाच्या पालकांना आपण निदानाची शिस्त, निर्दोष औषध व खरे उत्तर या तीन गोष्टी दिल्या, तर आयुर्वेदाची प्रतिष्ठा जपण्यास वेगळ्या घोषणांची गरज उरणार नाही.