सीताफळ : नाव कोणाचे, वाटा कोणाचा?

पावसाळा सरता सरता धारूरच्या घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. बालाघाटच्या मुरमाड उतारावर, जेथे नांगर चालत नाही, तेथे हे झाड कोणी न लावता उगवते. ते मूळचे आपलेच, असा समज होणे स्वाभाविक आहे. रामायणाशी जोडलेल्या नावाने तो दृढ झाला आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हे फळ उष्णकटिबंधीय अमेरिकेचे असून युरोपीय दर्यावर्दींबरोबर ते आशियात आले. या प्रवासाच्या खुणा नावांत उरल्या आहेत. मेक्सिकोतील 'अहाते' फिलिपिन्समध्ये 'आतिस', बंगालीत 'आता' आणि मल्याळममध्ये 'आत्त' झाले, असे मानतात. उत्तरेत त्याला 'शरीफा', म्हणजे कुलीन, म्हणतात. दिल्लीत 'सीताफल' मागावे तर भोपळा हाती पडतो. सालीवरचे डोळे पाहून तैवानच्या लोकांना बुद्धमूर्तीचे कुरळे केस आठवले आणि फळाला शाक्यमुनींचे नाव मिळाले. आपण तर सीतेवर न थांबता त्याच कुळातील फळांना रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ म्हणून सारे कुटुंबच वसवले. परक्याला घरात घेण्याची लोकभाषेची ही रीत होय.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक योगायोग विचार करायला लावतो. लिनियसने या कुळाला 'अनोना' म्हटले. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील स्थानिक नावावरून आला. पण लॅटिनमध्ये 'अनोना' म्हणजे वर्षाचे धान्य, रोमच्या नागरिकांना होणारा धान्यपुरवठा. संस्कृतात 'सीता' म्हणजे नांगराची रेघ, आणि कौटिल्याच्या ग्रंथात राजाच्या शेतीचे उत्पन्न. ही व्युत्पत्ती नव्हे. तरीही दोन्ही शब्द एकच जुना प्रश्न विचारतात : पिकले ते कोणाच्या पदरात पडले?

हा प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. एका नावाला कायद्याने मालमत्तेचे स्वरूप आले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु 1999 च्या कायद्यानुसार ते नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि शेतमालाच्या बाबतीत 'उत्पादक' या संज्ञेत व्यापारीही येतो. पहाटे डोंगर चढून फळे वेचणाऱ्या भूमिहीन बाईला मात्र आपण नेमके कोण, हे सिद्ध करणे कठीण.

तिची अडचण एवढीच नाही. पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून भाव ठरवताना घेणारा थांबू शकतो, विकणारी थांबू शकत नाही. शिवाय हंगाम संपता संपता ऊसतोडीला जाण्याची वेळ येते. त्याआधीची ही रोख मिळकत तिच्या घराला मोलाची असते. वेचणाऱ्यांचे गट करून त्यांची नोंदणी झाली, गर काढून गोठवून ठेवण्याची सोय गावाजवळ झाली, तरच मानांकनाचा लाभ डोंगरापर्यंत पोहोचेल.

परक्या फळाला लोकांनी नाव दिले, तेव्हा ते आपले झाले. आता त्या नावाला किंमत आली आहे. ती किंमत नाव देणाऱ्यांच्याच लेकीबाळींना मिळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.